नरसीहून बेथेलकडे

मराठवाड्यात यात्रेस निघावयाचे म्हटले म्हणजे आपल्याकडील घरांतून औंढा, परळी, माहूर आणि पैठण ही चार नावे प्रथम उच्चारली जातात. आम्हीही गेल्या मार्गशीर्षात औंढ्याच्या नागनाथाचे निमित्त करूनच हिंगोली जिल्ह्यात उतरलो. परंतु मनात जो प्रश्न घेऊन निघालो होतो तो निराळा होता. आमच्या घरी रात्रीच्या पंगतीस लहानमोठी अकरा माणसे बसतात आणि भातावर वरण पडण्यापूर्वी वादास तोंड लागते. चिरंजिवांचे म्हणणे असे की, ख्रिस्ती धर्म या देशात परका तो परकाच राहावयाचा. धाकट्या सूनबाईंचे म्हणणे असे की, ज्या घरांत चार-पाच पिढ्या मराठीवाचून दुसरी भाषा नाही, त्या घरांस परके म्हणण्याचा अधिकार आपल्यास कोणी दिला? दोन्ही पक्षांस साक्षीपुरावा थोडा आणि आवाज मोठा. तेव्हा या वादाचा निवाडा पुस्तकांबरोबर थोडा पायांनीही शोधावा, असे आम्ही ठरविले. बाहेरून आलेला धर्म, बाहेरून आलेली मंडळी या मातीची केव्हा होते? हे पाहावयाचे तर आरंभ कोठे करावा? आम्ही तो नामदेवांच्या गावी केला.

हिंगोली जिल्हा वयाने लहान. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. गाव मात्र जुने. रेल्वेच्या फलकावर ‘हिंगोली डेक्कन’ हे नाव वाचताना निजामाच्या अमदानीतील हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीची आठवण होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, आणि हिंगोली-वसमतच्या बाजारात हळदीची रास. हळदीच्या पोत्यांजवळून चालताना वाऱ्यालाही पिवळा वास येतो, असे वाटते. उत्तरेस लागूनच वाशीम. तेथे चर्च ऑफ द नाझरीन या अमेरिकी पंथाने रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालय उभारले. आसपासच्या खेड्यांत मिशन या शब्दाची ओळख शास्त्रार्थाने झालेली नाही, ती दवाखान्याच्या ओसरीवर झालेली आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

हिंगोलीपासून थोड्या अंतरावर कयाधू नदीच्या काठी नरसी आहे. येथेच १२७० साली नामदेवांचा जन्म झाला, असे येथील लोक मानतात. काही विद्वान तो पंढरपुरी झाला असे म्हणतात. त्या वादात आम्ही शिरत नाही. आषाढीची वारी करून परतणारे वारकरी वद्य एकादशीस येथे जमतात, तिला परतवारी म्हणतात. नरसीस वारकऱ्याच्या बुक्क्याबरोबर पंजाबी यात्रेकरूंचे फेटेही दिसतात, कारण नामदेवांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत आणि त्यांच्या आयुष्याचा उत्तरकाळ पंजाबातील घुमान येथे गेला, अशी त्या प्रांताची श्रद्धा आहे. नांदेडच्या हुजूरसाहिबास आलेला भाविक शीख नरसीची वाट वाकडी करतो, ती याचसाठी.

नरसीच्या घाटावर बसून आम्ही घुमानचा विचार केला. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, तेव्हा पुष्कळ मराठी माणसांस प्रथमच कळले की, आपला एक शिंपी सातशे वर्षांपूर्वी पाच नद्यांच्या मुलखात जाऊन राहिला होता. त्याने तेथे काय पेरले? विठ्ठलाचे नाम पेरले. उगवले काय? गुरुद्वारा उगवला, लंगर उगवले, गुरुमुखी अक्षरे आणि पंजाबी राग उगवले. घुमानच्या लोकांस पंढरपूरहून कोणी वेतन पाठवीत नाही, की कीर्तन कसे करावे याचे हुकूमनामेही धाडीत नाही. नामदेव मराठी होते, हे घुमानकर नाकारीत नाहीत. पण ‘बाबा नामदेव आमचे’ असे म्हणताना त्यांस कोणाची परवानगीही घ्यावी लागत नाही. बी परगावचे, पीक गावचे. रोपणाचा याहून स्वच्छ नमुना आम्हांस ठाऊक नाही.

नरसीहून आम्ही औंढ्यास गेलो. यादवकालीन दगडी देवालय, वरचा भाग उत्तरकालीन, आणि गाभारा जमिनीखाली. अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावे लागते. म्हाताऱ्या गुडघ्यांस नम्रता शिकविणारे दुसरे असे स्थान विरळा. येथील दोन कथा सर्वांस परिचित आहेत. पहिली अशी की, तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता काकांनी थापटणे घेऊन प्रत्येकाच्या मस्तकावर मडक्याप्रमाणे ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. तेव्हा नामदेव गुरूच्या शोधात निघून औंढ्यास विसोबा खेचरांपाशी आले. दुसरी अशी की, नामदेव देवळासमोर कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांस मागल्या बाजूस हाकलले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. म्हणून नंदी मागे राहिला. पुराणवस्तुशास्त्री या कथेस हसतील. आम्हांस तिच्यातील व्यवहार खरा वाटतो. ज्यास पुढील दारी उभे राहू दिले नाही, त्याने मागल्या दारी गाणे म्हटले. पुढे इतिहासात पुढील दार कोणते आणि मागील कोणते, हे त्या गाण्याने ठरविले.

आता मूळ विषयाकडे वळू. मिशनरी लोकांच्या बोलण्यात ‘मंडळीचे रोपण’ असा एक शब्दप्रयोग आहे. नव्या गावी जावे, चार माणसे जमवावी, त्यांची उपासना सुरू करावी आणि पुढल्या गावी जावे, हे रोपण. या ‘मंडळी’ शब्दाचे आम्हांस फार कौतुक वाटते. ग्रीक भाषेतील ज्या शब्दाने ख्रिस्ती समाज स्वतःस ओळखतो, त्याचा अर्थ बोलावून एकत्र केलेली माणसे असा आहे. त्यास मराठी प्रॉटेस्टंट लोकांनी ‘मंडळी’ हा शब्द योजिला. आपल्याकडे ‘घरची मंडळी’ म्हणजे कुटुंब, आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात तर पत्नी. धर्मसभेस इतका घरगुती शब्द क्वचितच कोठे मिळाला असेल. ‘बाप्तिस्मा’ तसाच ग्रीक राहिला. ‘मंडळी’ मात्र पहिल्या दिवसापासून ओसरीवर बसली.

परंतु शब्द देशी झाला म्हणून वस्तू देशी होते काय? गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचिले आणि ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यातील मराठीचा गोडवा पाहून अभिमानी मराठी माणसाचीही मान डोलते. तथापि त्याच पोर्तुगीज सत्तेने १६८४ साली तेथील लोकभाषेवर बंदीचा हुकूम काढला. ओवी देशी होती; हुकूम लिस्बनच्या नावाने निघत होता. म्हणजे केवळ भाषेच्या कसोटीवर प्रश्न सुटत नाही.

या ठिकाणी आमच्या संस्कृत पाठशाळेतील एक जुना वाद आम्हांस आठवला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ, अशी चर्चा आहे. प्रकरण संततीच्या स्वामित्वाचे आहे आणि स्त्रीस शेताची उपमा दिलेली आहे, ती आजच्या गृहिणींस रुचणार नाही; आम्हांसही रुचत नाही. परंतु त्यातील शेतीचा न्याय पाहण्याजोगा आहे. ज्याच्यापाशी क्षेत्र नाही, केवळ बीज आहे, त्याने दुसऱ्याच्या क्षेत्रात पेरले तर पिकावर त्याचा हक्क नाही, पीक क्षेत्रस्वामीचे. नवल हे की, एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन आणि बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे दोघे समवयस्क गृहस्थ मनूचे नावही न घेता याच सिद्धान्ताशी येऊन पोहोचले. मंडळीने स्वतःच्या पैशाने चालावे, स्वतःचा कारभार स्वतः करावा आणि स्वतःच पसरावे. स्वावलंबन, स्वशासन, स्वप्रसार. हे साधले की मिशनने सुखाने मरावे, असे व्हेन म्हणत. पेरणाऱ्याने पेरावे आणि शेताबाहेर व्हावे. बोलावयास सोपे आहे. पण ज्याने पेरले त्यास बांधावरून उठवत नाही, हा मनुष्यस्वभाव. सासूने किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हाती देताना काय होते, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको.

औंढ्याहून आम्ही पूर्णा जंक्शन गाठले आणि तेथून जालन्याची गाडी धरली. शेजारच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ होते. तेही आमच्यासारखे निवृत्त शिक्षक निघाले. जालना जिल्ह्यातील एका खेड्यातील तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. दोन मास्तर एकत्र आले म्हणजे निवृत्तिवेतनापासून व्याकरणापर्यंत सर्व विषय होतात, तसे झाले. नंतर आम्ही आमचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेविला.

ते हसून म्हणाले, “गुरुजी, आमचे आजे मांग. गावच्या लग्नात हलगी वाजवायचे. ते ख्रिस्ती झाले तेव्हा त्या वेळचे पाद्रीसाहेब म्हणाले, हलगी देवळात नको, ती जुन्या देवांची. मग पेटी आली. पण नाताळच्या रात्री साहेब निजले की आमच्या वस्तीत हलगी निघायची ती निघायचीच.”

आम्ही विचारले, “म्हणजे मंडळी तेव्हा परकी होती आणि हलगी आपली, असेच ना?”

“तसं सरळ नाही, गुरुजी. हलगी आपली खरी. पण ती वाजवायची म्हणून आम्हांला मांडवाबाहेर उभं केलेलं असायचं. तुमच्याकडे लोक म्हणतात, बाप्तिस्मा घेतला आणि ही माणसं गावाबाहेर गेली. आमचं घर बाप्तिस्म्यानं गावाबाहेर गेलं नाही. ते आधीच गावाबाहेर होतं. पाणवठा वेगळा, मसणवटा वेगळा. परक्या देशातून माणूस आला आणि आमच्या वट्यावर बसून पाणी प्यायला. आता त्यातला परका कोण, हे तुम्हीच सांगा.”

गाडीत गलका होता, तरी आमच्या बाकापुरती क्षणभर शांतता झाली. या प्रश्नास शब्दांनी देण्याजोगे उत्तर नाही. ते द्यावयाचे तर पाणवठ्यावरच द्यावयास पाहिजे होते, आणि ते त्या वेळी कोणी दिले नाही.

थोड्या वेळाने तेच पुढे म्हणाले, “आता आमच्या नातवंडांची तऱ्हा निराळी. त्यांना जुनं दगडी चर्च नको. त्यांनी पत्र्याची खोली भाड्यानं घेतली आहे. गिटार, ड्रम, हिंदी-इंग्रजी चालीची गाणी. आम्ही म्हातारे नाकं मुरडतो. पण गुरुजी, खोलीचं भाडं ती पोरं स्वतः भरतात. आमचं दगडी चर्च बाहेरच्या पैशानं बांधलेलं. गाणी आमची देशी, भिंती परदेशी. त्यांच्या भिंती देशी, गाणी परदेशी.”

आमच्या मते या एका वाक्यात साऱ्या वादाचे सार आहे. आपण देशीपणा प्रथम डोळ्यांनी आणि कानांनी शोधतो. समई आहे का, जमिनीवर मांडी घालून बसतात का, भजनाची चाल कोणती? परंतु जी पेटी आज आपल्या कीर्तनात, नाट्यसंगीतात आणि गणपतीच्या आरतीतही निःशंक वाजते, तिच्या पूर्वजाचा परवाना १८४२ साली पॅरिसमध्ये दबें नावाच्या कारागिराने घेतला होता. पेटी परकी आहे, असे आज कोणताही बुवा म्हणत नाही. का? कारण ती आपण आपल्या पैशाने विकत घेतली, आपल्या गळ्यास जुळवून घेतली आणि कोणी ती आपल्यावर लादली नाही. वाद्य कोठून आले यापेक्षा ते कोणाच्या इच्छेने वाजते, हे महत्त्वाचे.

जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत आहे. तिचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत असता १८४३ साली त्यांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली. धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला होता. तो अज्ञान असल्यामुळे न्यायालयाने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. मग प्रश्न उभा राहिला, त्यास पंक्तीस घ्यावयाचे की नाही? आचार्य बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देववून त्यास परत घेण्याचा पुरस्कार केला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला. एका मुलाने मिशनऱ्यांच्या घरी अन्न घेतले, एवढ्यावरून सारी मुंबई दोन तटांत विभागली गेली. त्या काळचे दार असे होते की, बाहेर जावयास एक दिवस पुरे आणि आत येण्यास शास्त्रार्थ, वर्गणी आणि काशीची यात्राही अपुरी पडे. अशा दारातून जो बाहेर गेला, त्याने परके होऊ नये तर काय करावे?

नारायण शेषाद्री मात्र परक्यांच्या बंगल्यात स्वस्थ बसले नाहीत. सर सालारजंगांच्या कारकिर्दीत निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याच्या परिसरात हे गाव वसविले. आणि या ब्राह्मणाच्या गावात राहावयास आलेली बहुतेक कुटुंबे मांगांची होती. १८७३ साली न्यूयॉर्क येथील ख्रिस्ती परिषदेत त्यांनी भाषण केले. बेथेल हे नाव हिब्रू. ‘बेथ’ म्हणजे घर, ‘एल’ म्हणजे देव. देवाचे घर. आता आमच्यासारख्या संस्कृतच्या मास्तरास येथे स्वस्थ कसे बसवेल? आपला ‘देऊळ’ हा शब्द ‘देवकुल’ यापासून झाला. कुल म्हणजे घर. बेथेल म्हणजे अक्षरशः देऊळ, आणि बेथेल गाव म्हणजे देऊळगाव. जालन्याहून थोड्याच अंतरावर देऊळगाव राजा आहे. एकाच मुलखात एकाच अर्थाची दोन गावे. एक हिब्रू बोलते, दुसरे प्राकृत, आणि दोहोंत कापसाचा भाव एकच.

जालन्याहून एस. टी. ने आम्ही अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, गेलो. मराठी ख्रिस्ती समाजाचे हे पुणे म्हणावयास हरकत नाही. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली येथे आले. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ पत्र येथे निघाले. १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोन मराठी गृहस्थांस पाळकपदाची दीक्षा मिळाली; मराठी मंडळीस मराठी पाळक मिळाले. त्याच सुमारास, १८५४-५५ साली, स्वतः अँडरसनसाहेब बोस्टनहून पाहणीस आले. त्यांनी इंग्रजी शाळांवरील भर कमी करून खेड्यांतील मंडळ्या आणि देशी पाळक यांवर जोर देण्याचे धोरण पुढे रेटले. येथे एक गंमत आहे, आणि ती कडू आहे. मंडळीने स्वतःचा निर्णय स्वतः घ्यावा, हा निर्णय मंडळीने घेतला नाही. तो बोस्टनहून आला. पुढे चीनमध्ये १९५४ साली याच तीन ‘स्व’-तत्त्वांच्या नावाने ख्रिस्ती संघटना स्थापन झाली; तेथे तो ‘स्व’ कोणाचा, हे सरकारने ठरविले. स्वातंत्र्य हुकमाने देता येत नाही. ते घेणाऱ्याने घ्यावे लागते.

ते घेणारा एक पुरुष नगरासच झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव वाचकांपैकी कोणास अपरिचित नसेल. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घराची किती ओढाताण झाली, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाने घराघरांत पोहोचविले आहे. पाच वर्षे ‘घरची मंडळी’ आणि ख्रिस्ती मंडळी यांच्यामध्ये उभा असलेला उंबरठा त्या बाईंनी आपल्या सोवळ्यासह, आपल्या गतीने ओलांडला. टिळकांनी शेकडो ख्रिस्ती भजने रचिली; कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी त्यांच्या आधीच नगरास ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे टिळक सांगत. एवढ्यावर ते थांबते तर चाली देशी झाल्या असत्या इतकेच. परंतु १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांस आणि न घेतलेल्यांसही स्थान होते. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. तथापि त्यांच्या चरित्रातील तो वेतनत्याग आम्हांस त्यांच्या सर्व अभंगांइतका मोलाचा वाटतो. भजन लिहिणारा हात आणि वेतन घेणारा हात एकच असतो, हे त्यांनी ओळखले.

येथे संस्कृताच्या अभिमान्यांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी ख्रिस्ती होऊनही भगवी वस्त्रे धारण केली, सच्चिदानंदस्वरूप त्रैक्यावर सुंदर संस्कृत स्तोत्र रचिले आणि १८९९ साली नर्मदाकाठी जबलपुरास मठाचा प्रयत्न केला. वरिष्ठांनी तो चालू दिला नाही. त्या स्तोत्राने आमचे कान तृप्त होतात. परंतु गाडीतील त्या शिक्षकांच्या आज्यास ते ऐकविले असते तर? ज्या भाषेचा शब्द कानी पडणे हाच ज्यांचा अपराध मानला गेला, त्यांस ती भाषा घरची कशी वाटावी? पंडिता रमाबाईंएवढी संस्कृतज्ञ स्त्री त्या काळी दुसरी नव्हती. पण त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे जे भाषांतर केले आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी पुरे केले, ते खेड्यातील अडाणी बाईस कळावे अशा मराठीत. देशी म्हणजे ब्राह्मणी नव्हे, हे एका ब्राह्मण विदुषीने आपल्या लेखणीने दाखविले. आम्हां पाठशाळेतील लोकांस हा धडा गिळण्यास थोडा जड आहे, म्हणूनच तो येथे लिहून ठेवितो.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर, आमिषाने किंवा भयाने केलेले धर्मांतर आम्हांस मान्य नाही. आणि दुष्काळात भाकरी देऊन माणसे नेली, हा आरोप आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो आहो. पण वाशीमच्या दवाखान्याची आठवण ठेवा असे आम्ही वर म्हटले, ते याचसाठी. भुकेला आणि आजारी मनुष्य शास्त्रार्थ विचारीत नाही. तो हात कोणाचा पुढे आला ते पाहतो. आरोप करणाऱ्याने आधी आपला हात कोठे होता, ते सांगावे. आणि मंडळीनेही हे जाणावे की, दुसऱ्याच्या भाकरीवर मनुष्य जगतो, पण वाढत नाही. मिझोराममधील ख्रिस्ती बायका प्रत्येक जेवणाच्या वेळी एक मूठ तांदूळ बाजूस काढून मंडळीस देतात आणि त्या मुठीवर तेथील मंडळी उभी आहे. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेसाठी मुष्टिफंड काढला, तो न्याय हाच. डब्यातून काढलेल्या मुठीस परदेशी म्हणता येत नाही. ज्याची मूठ, त्याची मंडळी.

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. वसईचे कॅथलिक धर्मगुरू आणि ‘सुबोध बायबल’चे कर्ते. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या निवडीच्या वेळी विरोधही झाला, पाठिंबाही मिळाला. अखेर ते त्या आसनावर बसले आणि मराठीत बोलले. गोरोबाकाकांचे तेर त्याच जिल्ह्यात आहे, हे आम्हांस सूचक वाटते.

गोरोबांनी मडके तपासले ते रंग पाहून नव्हे. माती कोणत्या खाणीतली, चाक कोणी फिरविले, हेही त्यांनी विचारले नाही. त्यांनी ठोकून पाहिले, आतून नाद कसा येतो ते ऐकले. मंडळी देशी की परकी, याचीही परीक्षा अशीच घ्यावी. तिचे भाडे कोण भरतो, तिचा निवाडा कोण करतो, तिच्यातील म्हातारी कोणत्या भाषेत रडते आणि अन्याय झाला तर ती कोणाच्या दारी जाते, एवढे चार ठोके पुरेत. हा नाद ऐकण्यापूर्वी परीक्षकाने एक गोष्ट मात्र विसरू नये: गोरोबांचे थापटणे पंगतीतील सर्वांच्या मस्तकांवर फिरले होते. ज्या गावाने त्या माणसांस पाणवठ्यावर परके ठरविले, त्या गावाच्या मडक्यातून कोणता नाद निघतो, तेही एकदा ठोकून पाहिले पाहिजे.